मास्तरांनी निवडलेला पाइप

बल्ब बदलायला शिडी लागते, हे मास्तरांना मुळात मान्यच नव्हतं. शिडी होती शेजाऱ्यांकडे. शेजाऱ्यांकडे गेलं की ते आधी बसवून घेत, आणि बसलं की स्वतःच्या गुडघ्यांचा इतिहास पहिल्यापासून सांगत. एका बल्बापायी माणसानं सोसायचं तरी किती? गॅरेजमधला दिवा लागत नव्हता आणि नेमकी त्याच्याखाली बायकोची मोटारसायकल उभी होती. तिच्या पोटाशी धुराचा चांगला जाडजूड पाइप वळसा घेऊन बाहेर आलेला. एक पाय पाइपवर, दुसरा सीटवर, की झालं काम! (घरात मोठी संकटं येतात ती असंच 'झालं काम' म्हणत येतात.)

पाइपवरचा पाय सटकला. ठण्ण असा आवाज झाला, मास्तर कोपऱ्यातल्या टायरवर जाऊन बसले आणि उठून टॉर्च मारून बघतात तो काय, पाइपच्या फुगीर भागाला लिंबू बसेल एवढा पोचा!

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपीकामातले. ब्लाउजपासून कोटापर्यंत काहीही अंगाबरोबर बसवून देण्यात त्यांचा हात धरणारा गल्लीत कुणी नव्हता. आणि मोटारसायकल बायकोची, हेही खरंच. बाई सोमवार ते शनिवार दातांच्या दवाखान्यात लोकांना 'आ करा' म्हणायच्या आणि रविवारी हेल्मेट घालून डोंगरावर जायच्या. गाडी टू-स्ट्रोक, उंच, हाडकुळी, रस्ता सोडून दगडधोंड्यांतून जाण्यासाठीच बनवलेली. येत्या रविवारी टेकडीच्या चढाची शर्यत होती. गेल्या वर्षी शेवटच्या वळणाला बाईंची गाडी बंद पडली होती आणि सगळ्यांसमोर त्या ती ढकलत खाली आल्या होत्या. तेव्हापासून वर्षभर त्या वळणाशिवाय त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. आता बहिणीकडे गेल्या होत्या, शनिवारी दुपारी परतणार होत्या.

फोन करून सरळ सांगून टाकायचं, असं तुम्ही म्हणाल. मास्तरही म्हणाले असते. पण मध्ये कात्री आली.

झालं होतं असं, की महिन्यापूर्वी बाईंनी वर्तमानपत्रातली याच शर्यतीची जाहिरात कापून फ्रिजवर लावली, आणि कापली ती मास्तरांच्या कापडाच्या कात्रीनं! कापडाच्या कात्रीनं कागद! शिंप्याच्या घरात यापेक्षा आईवरून शिवी परवडते. कागदानं धार जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मास्तरांनी आठ दिवस घर डोक्यावर घेतलं. "दुसऱ्याच्या हत्याराला हात लावू नये, एवढी साधी रीत कळत नाही?" असं त्यांनी भिंतींना, गिऱ्हाइकांना आणि एकदा तर दूधवाल्यालाही विचारलं होतं. त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "चुकलं माझं. पण लक्षात ठेवा हं तुम्हीसुद्धा." आता त्यांच्या हत्यारावर पाय देऊन उभं राहिल्याचं कुठल्या तोंडानं सांगायचं?

तेव्हा नवा पाइप आणायचा आणि गुपचूप बसवून टाकायचा. गल्लीच्या तोंडावरचा मेकॅनिक बाईंना ताई म्हणायचा आणि मास्तरांना 'ताईंचे मिस्टर'. त्याच्या कानावर गेलं की बाईंच्या कानावर गेलंच. म्हणून मास्तर शुक्रवारी दुकान बंद ठेवून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेले.

तिथल्या दुकानात भिंतभर पाइप टांगलेले होते. काउंटरवरचा तरुण म्हणाला, "बोला काका."

पहिला घाव तिथेच बसला. काका! मास्तरांनी पोट आत ओढलं आणि गाडीचं नाव सांगितलं.

"अरे वा! या वयात टू-स्ट्रोक चालवता?"

बायकोची आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण 'या वयात' हे शब्द मास्तरांच्या घशात अडकले आणि त्यांच्यामागे खरं उत्तरही अडकलं. "चालवतो म्हणजे? उडवतो!" मास्तर म्हणाले.

"मग कशासाठी हवाय? चढासाठी की मैदानात पळवायला?"

"धूर बाहेर जाण्यासाठी हवाय. पाइप आणखी कशासाठी असतो?"

तो हसला. मास्तरांना ते हसू मुळीच आवडलं नाही. "काका, टू-स्ट्रोकला नुसता धूर नाही जात बाहेर, त्याच्याबरोबर न जळलेलं ताजं पेट्रोलही निसटतं. पाइपचं हे पोट आहे ना, ते त्याला परत आत ढकलतं. पोटाचा आकार बदलला की गाडीचा स्वभाव बदलला."

मास्तरांनी त्या पोटावर बोट वाजवून पाहिलं. निघालेल्या पाहुण्याला दारातून 'अहो बसा की' म्हणत परत आत घ्यायचं आणि वर त्यासाठी एवढी किंमत मोजायची! जग कुठे चाललंय!

तरुणानं दोन पाइप काउंटरवर ठेवले. एक लांब, काळपट, जाड पत्र्याचा. "हा घ्या. खालून ओढतो. गाडी हळू असली तरी चढावर दम सोडत नाही." दुसरा आखूड आणि आरशासारखा चकचकीत. "हा मोकळ्या मैदानाचा. ॲक्सिलरेटर पिळून ठेवला की पळतो, पण हळू गेलात की रुसतो."

यापुढे खरं म्हणजे विचार करायला काही उरलंच नव्हतं. पण मास्तरांनी खिशातून टेप काढली. (टेप त्यांच्या खिशात रुमालाआधी असते.) त्यांनी दोन्ही पाइपांची लांबी घेतली, गळा घेतला, घेर घेतला. मग काळा पाइप उलटा केला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय? शिवण बाहेरून?"

"वेल्डिंग आहे ते."

"तेच म्हणतोय मी. ओबडधोबड, वेडीवाकडी आणि वर सगळ्यांना दिसणारी. आणि लांबीला किती ढगळ! असं काम मी माझ्या दुकानातून बाहेर जाऊ देणार नाही."

"काका, पण चढाला..."

"तीस वर्षं फिटिंग करतोय मी! तो चकचकीत बांधा."

"बरं. पण कार्बुरेटर नव्यानं जुळवून घ्या हं."

"सगळं जुळवतो," मास्तर म्हणाले आणि त्या काळ्या पाइपकडे तुच्छतेनं बघत बाहेर पडले.

घरी येऊन त्यांनी टॉर्च दातांत धरली आणि गॅरेजमध्ये बैठक मारली. जुना पाइप इंजिनाला दोन स्प्रिंगांनी धरलेला होता. स्प्रिंगा! असल्या महागड्या गाडीला बटण नाही, हुक नाही, स्प्रिंगा! मास्तरांनी बोटांनी ओढून बघितलं, बोटं सोलली. पक्कड लावली, ती निसटून गुडघ्यावर आली. टॉर्च दातांत असल्यामुळे धड शिवीही देता येईना. दवाखान्यात लोक तोंड उघडं ठेवून काय काय सहन करत असतील, हा विचार त्या दिवशी त्यांच्या मनात पहिल्यांदा आला. शेवटी संतापाच्या भरात ते आत गेले आणि हाताला लागलं ते टोकदार हत्यार घेऊन आले.

ते हत्यार कोणतं होतं, हे इथे सांगायला नको. जुन्या स्प्रिंगा निघाल्या. नव्या पाइपवर त्या चढवताना दुसरी स्प्रिंग अगदी जागेवर बसली आणि त्याच क्षणी 'टिक' असा बारीक आवाज झाला. मास्तरांनी टॉर्चच्या उजेडात हातातल्या कात्रीकडे पाहिलं. तिच्या एका पात्याला टोक नव्हतं. वडिलांच्या हातची कात्री होती ती. कुणावर चिडावं हे मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा कळेना.

जुना पाइप त्यांनी चिंध्यांच्या पोत्यात खुपसून ठेवला.

शनिवारी बाई आल्या आणि बॅग दारात टाकून थेट गॅरेजमध्ये गेल्या. मास्तर मागोमाग. पुढचं वाक्य त्यांनी आरशासमोर पाठ केलेलं होतं.

"तुझ्यासाठी सरप्राइज! म्हटलं, शर्यत आहे, नवीन काहीतरी..."

बाईंनी गाडी बाहेर काढून उजेडात पाइप पाहिला. त्यांनी किक मारली, गाडी किंचाळली, शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडल्या. घरामागच्या पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या खडकाळ चढावर बाईंनी गाडी घातली. अर्ध्यात गेल्यावर गाडीनं भूंऽऽ करून मान टाकली. पुन्हा खालून, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा बाई गाडी ढकलत खाली आल्या. गेल्या वर्षीसारख्याच. हेल्मेट काढलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते, आणि ते बघून मास्तरांचं सगळं अवसान गळालं.

"मी चढलो होतो त्या पाइपवर," ते म्हणाले. "बल्ब बदलायला. पोचा पडला. म्हणून नवीन आणला. मला वाटलं, तुला कळणार नाही."

"कुठला पोचा?"

मास्तरांनी पोतं आणून उपडं केलं. चिंध्यांच्या ढिगातून पाइप बाहेर आला. बाईंनी पोच्यावर अंगठा फिरवला.

"हा? अहो, हा माझा पोचा! उन्हाळ्यात दगडावर आपटले होते तेव्हाचा. या पोच्यासकट गाडी झकास चढते."

"म्हणजे माझ्या वजनानं..."

"तुमच्या वजनानं सोफ्यावरची उशी दबत नाही, हा तर लोखंडी पत्रा!"

एखाद्या माणसानं केलेला गुन्हासुद्धा त्याच्या नावावर राहू देऊ नये, म्हणजे काय! मास्तरांना भयंकर अपमान वाटला. "आणि तो बल्ब?" ते तावातावानं म्हणाले. "तो तर गेलाय ना? की तोही तुझाच?"

"बल्बाला काय धाड भरलीय? ओल येते म्हणून गॅरेजचं मेन स्विच बंद करून गेले होते मी. निघताना सांगितलं होतं. तुम्ही हूं म्हणालात."

बाईंनी गाडी आत घेतली आणि स्विच दाबलं. गॅरेज लख्ख उजळलं. त्या उजेडात त्यांनी बुटाची नाडी सोडली, स्प्रिंगेत अडकवून झटका दिला. स्प्रिंग सुटली! बुटाची नाडी! मास्तर सोललेल्या बोटांकडे बघत राहिले. दुसरी स्प्रिंग सोडताना मात्र तिच्यातून काहीतरी टिचकन जमिनीवर पडलं. बाईंनी ते उचलून दिव्यासमोर धरलं, मग मास्तरांकडे पाहिलं, मग पुन्हा त्या चकाकणाऱ्या टोकाकडे. आता आठ दिवस घर डोक्यावर घ्यायची पाळी त्यांची होती. पण त्या एवढंच म्हणाल्या, "बाबांची होती ना?" आणि ते टोक त्यांनी मास्तरांच्या तळहातावर ठेवलं. त्यापेक्षा चार शब्द बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

रविवारी, पोच्याच्या पाइपवर, बाई शेवटच्या वळणाला क्षणभर थांबल्यासारख्या झाल्या आणि मग सरळ टेकडीच्या माथ्यावर गेल्या. मास्तर खाली पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन इतके ओरडले, की दोन दिवस गिऱ्हाइकांशी खुणांनी बोलत होते.

मंगळवारी वर्तमानपत्रात फोटो आला. माथ्यावर गाडी, गाडीवर बाई, आणि खाली डाव्या कोपऱ्यात टॉवेल उंचावलेले मास्तर, तोंड उघडं पण ओळखू येण्यासारखे! मास्तरांनी तो फोटो शेजाऱ्यांना दाखवला, आणि त्याच्या बदल्यात गुडघ्यांचा सगळा इतिहास ऐकून घेतला. संध्याकाळी बाई पेपर घेऊन बसल्या.

"अहो, ती मोडकी कात्री द्या की. आता कागदाला चालेल ना?"

मास्तरांनी मुकाट्यानं दिली. बाईंनी कापायला सुरुवात केली. माथा आला, गाडी आली, हेल्मेट आलं. डाव्या कोपऱ्याशी येऊन कात्री अडली, अडखळली आणि सरळ पुढे गेली. मास्तर, टॉवेल आणि उघडं तोंड जमिनीवर पडलं.

"अगं! मी!"

"काय करणार?" फोटो फ्रिजवर लावत बाई म्हणाल्या. "टोक नाही ना तिला. वळणाला दम सोडते."