साखऱ्याचे गोलपराव

गुलाबराव देशमुख दाढीला बसले की न्हाव्यालाच बजावत, "डोकं हलू देऊ नको."

न्हावी वस्तरा हवेत धरून म्हणे, "मालक, हे मी तुमाला म्हणायचं असते."

"ते मला म्हाईत हाये. पण कुणाचंच हलू न्हाई."

जगात जे काही बिघडतं ते डोकं हलल्यामुळे बिघडतं, असं गुलाबरावांचं ठाम मत होतं. बैल बिथरला, डोकं हललं. भाकरी करपली, करणारीचं डोकं हललं. माझ्या वर्गातलं एखादं पोरगं नापास झालं तरी ते मला विचारत, "पाढे म्हणताना डोकं हलवते का ते?" आता पाढे म्हणताना डोकं न हलवणारं पोरगं मी तरी पाहिलेलं नाही.

हिंगोलीजवळच्या साखऱ्याच्या शाळेवर माझी नेमणूक झाली तेव्हा निजामाचं राज्य होतं. पहिल्याच सकाळी मी तांब्या घेऊन माळाकडे निघालो, तर लांबून आरोळी आली, "मास्तर, खाली बसा!" तांब्या घेऊन निघालेल्या माणसाला कुणी असं जाहीरपणे बसायला सांगितलं तर तो काय करणार? मी संकोचून उभाच राहिलो. तेवढ्यात कानाजवळून काहीतरी सूं करत गेलं आणि पलीकडच्या हिवराच्या बुंध्यावर ठक्कन आपटलं. मग मी बसलो.

धोतराचा काचा मारलेला, डोक्याला रुमाल बांधलेला एक उंच माणूस हातात वाकड्या टोकाची काठी घेऊन माझ्याकडे येत होता. "लागलं तर न्हाई ना?" त्याने विचारलं, आणि मी उत्तर देण्याआधीच हिवराकडे बघून म्हणाला, "बराबर बसला. मधोमध."

हे गुलाबराव. गाव त्यांना गोलपराव म्हणे, कारण ते जे खेळत त्याला ते गोल्फ म्हणत आणि गावाच्या तोंडात ते गोलप होई. खरं सांगायचं तर ते गोल्फ खेळत नसत. ते गोल्फचा सराव करत.

तरुणपणी हैदराबादेकडे गोऱ्या साहेबांच्या एका क्लबात ते कोठीवर कारकून होते. कोठीच्या खिडकीतून समोरचं मैदान दिसे. साहेब लोक टोले मारत, चेंडूमागे चालत जात, पुन्हा टोला मारत. गुलाबराव हिशेब करता करता ते बघत. मैदानात पाय ठेवायची त्यांना परवानगी नव्हती. वडील गेले, शेती बघायला गावी परतायची वेळ आली, तेव्हा एका म्हाताऱ्या साहेबाने आपल्या तीन जुन्या काठ्या आणि पिशवीभर चेंडू त्यांना देऊन टाकले. "मला जमंल का?" असं यांनी विचारलं. साहेब म्हणाला, आधी हात बसव, मग खेळ.

तेव्हापासून गुलाबराव हात बसवत होते. मी साखऱ्यात गेलो तोवर त्यांच्या मिशा पिकायला लागल्या होत्या.

घरात ते एकटेच. बायको लग्नानंतर लवकरच तापाने गेली, दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. भाऊ हिंगोलीत वकिली करत असे. वाड्याला, शेताला आणि चेंडू शोधायला हरबा नावाचा जुना सालगडी होता. खेळ काय आहे हे हरबाने एकदा समजून घेतलं होतं. "म्हंजे शेवटी चेंडू बिळात घालायचा? एवढ्याचसाठी?" त्याने विचारलं. "व्हय." "मंग हातानं नेऊन टाकावा की! बिळात उंदीर हाये का चावायला?"

सराव रोज पहाटे. ओल्या मातीची चिमूट जमिनीवर दाबून तिची लहानशी चौथरी करत. तिच्यावर चेंडू ठेवत. धुळीची चिमूट हवेत सोडून वारा बघत. पाय रोवत, कंबर डावी-उजवी हलवून बघत, आणि मग काठी अशी फिरे की टिटव्या उठत. चेंडू हिवराच्या बुंध्याला लागे. दुसरा, पुन्हा हिवर. बिचाऱ्या झाडाची त्या बाजूची साल निघून गेली होती. लमाण तांड्यावरची सोनाबाई डोक्यावर घागर घेऊन त्या वाटेने यायची. तिची एक घागर पूर्वी फुटलेली. ती लांबूनच ओरडे, "ए देशमुख, थांब!" आणि गुलाबराव काठी खांद्यावर उचललेल्या अवस्थेत, डोकं न हलवता, ती जाईपर्यंत पुतळ्यासारखे उभे राहत.

गावाला ते वेडे वाटत, पण गावाचा त्यांच्यावर जीव होता. खळ्यावर उपणायची वेळ आली की लोक त्यांनाच बोलावत. ते चिमूटभर धूळ सोडून सांगत, "घटकाभर थांबा, उगवतीकून येऊन राहिला." आणि वारा येई.

माझा नि त्यांचा वाद एकच. मी म्हणे, "गुलाबराव, डाव खेळल्याशिवाय माणूस खेळाडू कसा होईल? नुसत्या सरावानं?"

"काहून न्हाई? तुमी पोरांकून पाढे पाठ करून घेता, का आधी बाजारात पाठवता?"

"पण कधीतरी बाजारात जावंच लागतं ना!"

"जाऊ की. हात बसला की जाऊ."

"अजून बसला नाही?"

ते हिवराकडे बघत. "बसत आला हाये," असं म्हणत.

मग पुसेगावाकडे सडकेचं काम निघालं आणि तिथे तंबू टाकून एक इंजिनेरसाहेब राहायला आले. मिर्झासाहेब. जवळच्या गोरेगावच्या बाजारात त्यांच्या कानावर गोलपरावांची कीर्ती गेली, आणि एका शुक्रवारी, म्हणजे निजामी शाळांच्या सुट्टीच्या दिवशी, ते घोड्यावरून साखऱ्यात हजर झाले. मागे चपराशी, आणि चपराशाच्या खांद्यावर काठ्यांचा भाता.

गुलाबरावांचा टोला बघून त्यांनी टोपी काढली. "माशाअल्ला! देशमुखसाब, ये हाथ कहाँ बनाया?"

"हितंच," गुलाबराव लाजून म्हणाले.

"तो चलिए, एक बाजी हो जाए."

गुलाबरावांचा चेहरा उतरला. मी तो पाहिला. सोयरीक ठरता ठरता मुलाच्या बापाने ऐनवेळी घरदार बघायला यावं, तसे ते दिसले. पण आता नाही म्हणायची सोय नव्हती.

पुढच्या शुक्रवारी हरबाने कुदळीने माळावर ठिकठिकाणी बिळं खणली, मिर्झासाहेबांनी त्यांत झेंडे रोवले, आणि अख्खा साखरा बघायला लोटला. पहिला टोला गुलाबरावांचा. मातीची चौथरी, धुळीची चिमूट, कंबर डावी-उजवी. चेंडू असा गेला की लोकांनी तोंडं वर केली ती बराच वेळ तशीच. टाळ्या पडल्या. मिर्झासाहेबांचा टोला त्याच्या निम्म्यावर पडला. मी मनातल्या मनात माझा वाद हरलो.

मग आम्ही गुलाबरावांच्या चेंडूपाशी पोचलो. तो गाईच्या खुराच्या खड्ड्यात बसला होता.

गुलाबराव त्याच्याकडे बघत राहिले. मग वाकून मातीची चिमूट उचलू लागले. मिर्झासाहेब हळूच म्हणाले, "नहीं देशमुखसाब. जहाँ है, वहीं से."

"आसा? खड्ड्यातून?"

"जी."

पुढचं सांगताना आजही मला हसू येतं आणि वाईटही वाटतं. गुलाबरावांनी मारलं, चेंडू खड्ड्यातच फिरला. पुन्हा मारलं, माती उडाली, ती पाटलांच्या तोंडात गेली. तिसऱ्यांदा चेंडू निघाला तो आडवा जाऊन कुसळी गवतात शिरला. उतारावर त्यांचे पाय ठरेनात. एवढी वर्षं ते एकाच सपाट जागेवरून एकाच झाडाला मारत आले होते. बिळाजवळ तर त्यांनी कधी चेंडू नेलाच नव्हता. हातभर अंतरावरून तो बिळाच्या या काठावरून त्या काठावर आणि परत या काठावर, असा जात राहिला. शेवटी हरबा कळवळून म्हणाला, "मालक, इकडं कुणी बघून न्हाई राहिलं, हातानं ढकला!" सगळा गाव बघत होता.

ते हरले. किती वाईट हरले ते मोजायचं मिर्झासाहेबांनीच मध्ये कधीतरी सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे माळावर कोणी नव्हतं. मी त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर काठ्यांना तेल लावत बसले होते.

"तुमचं खरं निघालं, मास्तर."

मला ते जिंकणं नको होतं. मी म्हणालो, "मग आता खेळा की. साहेब आहेत."

"मला म्हाईत होतं हे," ते म्हणाले. "क्लबात खिडकीतून बघून मला कळलं होतं. खड्डे असतेत, उतार असतेत. पण खेळाला सोबती लागते, मास्तर. सरावाला न्हाई लागत." आणि पुन्हा तेल लावू लागले.

पुढच्या शुक्रवारी मिर्झासाहेब आपणहून आले. त्यानंतर येतच राहिले. गुलाबराव खड्ड्यातून मारायला शिकले, बिळात घालायला शिकले. हरतच राहिले, पण थोडं थोडं कमी. खेळून झालं की दोघे हिवराखाली बसत. मिर्झासाहेबांच्या बेगमसाहेबांनी पाठवलेला शिरा गुलाबराव खात, आणि गुलाबरावांच्या शेतातला हुरडा मिर्झासाहेब खात. बोलताना गुलाबराव हातवारे करत, मान डोलवत, खदाखदा हसत. एवढं बोलणारा माणूस त्यांच्यात होता हे मला ठाऊकच नव्हतं.

राज्य जायच्या आधीचं वर्ष फार वाईट गेलं. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरत, माणसं घरं सोडून शेतात निजत, कितीजण सरहद्दीपलीकडे निघून गेले. मिर्झासाहेबांचं येणं बंद पडलं. मग अठ्ठेचाळीसच्या भादव्यात निजामाचं राज्य गेलं, आणि इतके दिवस दबलेला राग आता उलटून मुसलमानांवर निघाला.

एका सकाळी गुलाबराव दाढी करून घेत होते. गोरेगावचा एक माणूस सांगत आला की पुसेगावच्या तंबूकडे लोक जमू लागलेत. गुलाबराव अर्ध्या दाढीनिशी उठले. छकडा जुंपला. हरबा म्हणाला, "मालक, काहून जाता? मी जातो." त्यांनी ऐकलं नाही. मी मागे चढून बसलो.

तंबूत मिर्झासाहेब आणि बेगमसाहेब एका ट्रंकेवर बसले होते, शेजारी काठ्यांचा भाता. लोक अजून तंबूपर्यंत पोचले नव्हते. दोघांना छकड्यात बसवलं, वर कडब्याच्या पेंढ्या टाकल्या. परतीच्या वाटेवर ओढ्यापाशी वीसेक माणसं आडवी आली. हातात काठ्या, कुऱ्हाडी. काहीजण ओळखीचे होते, त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

"देशमुख, गाडीत कोण हाये?"

मला वाटलं हे म्हणतील, कुणी नाही. पण गुलाबराव सरळ म्हणाले, "माझा खेळगडी हाये."

"कोण खेळगडी?"

"इंजिनेर. त्यानं मला इतक्या वर्सांत एकदाबी जिंकू दिलं न्हाई. मी त्याला हरवल्याबगर कुठं सोडत नसतो. तुमी त्याला मारला तर मी खेळू कुणासंग? तू येतो का, गणपत?"

पुढे उभ्या असलेल्या गणपतने त्यांच्याकडे बघितलं. एका गालावर साबण सुकलेला, दुसरा गाल तुळतुळीत. त्याला हसू फुटलं. मागून कुणी तरी म्हणालं, "गोलप्याचं डोकं फिरलंय, जाऊ द्या." अजून दोघे हसले. सगळे नाही हसले. पण हसलेल्यांनी वाट सोडली आणि बाकीच्यांना ती अडवता आली नाही.

वाड्यात शिरल्यावर गुलाबराव बैल सोडायला गेले, तर त्यांच्या बोटांना जोखडाच्या दोरीची गाठ सुटेना. मिर्झासाहेबांनी खाली उतरून ती गाठ सोडली.

ते दोघे वाड्यात काही आठवडे राहिले. स्वयंपाकघर बेगमसाहेबांनी हातात घेतलं आणि गावातल्या काही जणांनी गुलाबरावांकडचं पाणी पिणं सोडलं. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. हैदराबादहून मिर्झासाहेबांच्या भाच्याचं बोलावणं आलं तेव्हा गुलाबराव त्यांना हिंगोलीच्या स्टेशनावर पोचवायला गेले. गाडी हलताना मिर्झासाहेब म्हणाले, "देशमुखसाब, मेरी छड़ियाँ रख लीजिए." गुलाबरावांनी भाता खिडकीतून आत ढकलला. "तिकडं लागतील तुमाला," म्हणाले.

त्यानंतर ते माळावर दिसेनात. मला वाटलं, सुटला नाद. मग एका सकाळी ते माझ्या दारात आले. हातात दोन काठ्या होत्या. पायरीवर उभे राहून ते बराच वेळ माझ्या मुलांची चौकशी करत राहिले, पावसापाण्याचं बोलले.

"गुलाबराव, काही काम होतं का?" मी विचारलं.

"काम न्हाई." ते खाली बघू लागले. "सराव करायला गेलतो दोन-तीनदा. एकट्यानं न्हाई करमत आता. तुमी येता का?"

काठी कशी धरतात हेही मला ठाऊक नव्हतं. मी चपला घातल्या. माझा पहिला चेंडू जागचा हलला नाही, दुसरा बोरीत गेला. गुलाबरावांनी काटे बाजूला सारून तो काढला, धोतराला पुसला आणि माझ्या हातात दिला. आम्ही ऊन चढेपर्यंत माळ फिरलो. वाटेत ते पहिल्यांदाच त्यांच्या बायकोबद्दल बोलले. तिचं नाव राधा होतं. तिला बोरं फार आवडत.