बखर आपोआप वाजणाऱ्या सलामीची

श्रीगजानन प्रसन्न. माता शारदेचे चरणी मस्तक. आणि जिचे देऊळ अद्याप कोणी बांधिले नाही, परंतु जिची कृपा नसता आजकाल पान हालत नाही, त्या रेंजदेवीस साष्टांग दंडवत. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, भाद्रपद वद्य पक्षी, गणपती बोळवून लोक घरोघर बसले असता जे वर्तमान घडले ते डोळ्यांनी पाहिले तैसे लिहिले आहे, पदरचे काही घातले नाही, घातले असल्यास थोडकेच. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर पलीकडील राज्यास राग येतो, न लिहिले तर आमच्या राज्यास येतो, तेव्हा घरचा राग परवडला. इतके सांगतो की राज्य बँडचे. अठरा असामी, अठरा लाल कोट, पितळेची वाद्ये आणि एक टेंपो, हीच दौलत.

या राज्याचे मूळ पुरुष तातोबा मास्तर. मोठे प्रतापी. ट्रंपेट ओठी लाविले की नवरदेवाची घोडी आपसूक ठेका धरीत असे. यांचा रिवाज ऐसा की लग्नघरी गेलियावर चहा नाही, पाणी नाही, पहिल्याने दारी उभे राहून सलामी वाजविणे आणि मग बाकी सर्व. सलामीची चाल मास्तरांनी स्वतः बसविलेली, आणि ती मालकानेच वाजवावी, दुसऱ्याने त्यास ओठ लावू नये, हा दंडक. दोन वर्षांमागे मास्तर देवाघरी गेले आणि चिरंजीव प्रल्हादराव कारभारी जाहले. माणूस सोन्यासारखा, वाजवितातही झकास, परंतु सलामी म्हटली की वडिलांसारखी न वाजली तर काय, या भयाने मागे सरत. वडिलांचे ट्रंपेट पेटीत ठेविले, पेटीवर घोंगडे घातले आणि तेव्हापासून आमचा बँड लोकांचे दारी मुक्याने उभा राहू लागला. इकडे डीजेवाले मातले. पेट्यांच्या भिंती रचून आले, छातीत धडधड, खिडक्यांच्या काचा फुटायच्या बेतास, आणि यंदा गणपतीस आम्हांस एक सुपारी आली नाही. सुपारी म्हणजे कामाचे बोलावणे, हे न कळणारा वाचक असेल तर त्याने कधी लग्न पाहिले नसावे.

मग टेंपोच्या शेडमध्ये दरबार भरला. क्लॅरिनेटचे सरदार बाबालाल चाचा, वय सत्तर, फुफ्फुस पंचविशीचे, ते उठून बोलिले, "हे बघ प्रल्हादा, तुझ्या बापासंगं चाळीस वर्सं फुंकलं. पण पोरं आता थांबायची न्हाईत. तुळशीच्या लग्नापातूर एक सुपारी आली तर आली, न्हाईतर ही अठरा माणसं अठरा वाटांनी जातील, आणि मी म्हातारा कुठंतरी गेटावर काठी आपटत बसंन." प्रल्हादराव जमिनीकडे पाहत राहिले. तेव्हा त्यांचे कुटुंब निशिगंधाबाई, तालुक्याचे कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली, चहाचे ताट खाली ठेवून म्हणाली, "चाचा, लोक बँड शोधत्यात. आजबी शोधत्यात. आपणच सापडत न्हाई." आणि मोबाइल पुढे धरिला.

आता ऐका. पृथ्वीवर एक शोधदरबार आहे. कोणास काही हवे जाहले की मोबाइलवरून तेथे अर्जी जाते. त्या दरबाराचे जासूद अदृश्य रूपे वेबसाइटोवेबसाइटी हिंडतात, भिंतींवर काय लिहिले ते वाचितात, आला पाहुणा बसतो की पळतो तेही ध्यानी घेतात, आणि त्यावरून कोणास लोडापाशी बसवावे आणि कोणास चपलांपाशी, हे ठरते. आमचीही वेबसाइट होती. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका गृहस्थाने मास्तरांचे हयातीत करून दिलेली, म्हणोन तिचे रूपही पत्रिकेचेच. पिवळ्यावर तांबडी अक्षरे, चार कोपऱ्यांत चार गणपती, मध्यभागी सरकती ओळ "ध्वनिसम्राट, संगीतरत्न, रसिकमनमोहक". सर्व राज्यात आम्हांस ओळखीत नाही ऐसा कोण, या अभिमानाने आम्ही बँड आहो आणि लग्नास येतो हे कोठेच लिहिले नव्हते! फोन नंबर होता तो पाटीच्या फोटोत, आणि जासुदांस फोटो वाचता येईना. पानाचे शिरोभागी "नवीन पान १" ऐसे नाव. फोटो इतके जड की उघडेपर्यंत नवरा-नवरीस मूल व्हावे. नकाशात आमची कचेरी नदीचे पात्रात दाखविली होती. मग दरबाराने आम्हांस चवथ्या पानावर, चपलांच्याही पलीकडे बसविले, यात दरबाराचा काय दोष?

बाईने पदर खोचला. प्रल्हादराव म्हणाले, "पितृपंधरवडा हाय, नवं काम नको." ती म्हणाली, "नवं न्हाई, डागडुजी हाय," आणि बसली. पिवळे काढिले, पांढरे केले. अक्षर ठसठशीत, मोबाइलवर बोटांनी ताणावे न लागे ऐसे. वरती स्पष्ट लिहिले की लग्न, हळद, वरात, मिरवणुकीसाठी बँड, आणि खाली ज्या ज्या गावी जातो त्या गावांची नावे. प्रल्हादराव चिडून म्हणाले, "आपण बँड हाय हे लिहायचं? उद्या घोड्यावर घोडा म्हणून लिहशील!" ती म्हणाली, "घोडं दिसतंय हो. आपण दिसत न्हाई." फोन नंबर ऐसा लिहिला की बोट लागताच घंटी वाजावी. कचेरी नदीतून काढून काठावर आणिली. जुन्या यजमानांस फोन करोन दोन शब्द लिहावयास विनविले, आणि एकाने लिहिले की "वरातीत नवरा घोड्यावरून पडला पण बँड थांबला नाही," ते तिने वरतीच लाविले. जड फोटो हलके केले, फालतू काढिले, आणि त्या झाडणीत खुळखुळे वाजविणाराचा एकुलता एक फोटो गेला. असो. आम्ही काही बोललो नाही.

परंतु मुख्य दुखणे पुढेच होते. ती वेबसाइट उघडताच तातोबा मास्तरांची सलामी आपोआप कडाडत असे. बँडवाल्याचे दार, तेथे पाहुणा आला आणि सलामी नाही, हे मास्तरांस कैसे सोसावे? त्यांनीच ती तेथे बसवून घेतली होती. आणि मास्तरांचा आवाज जगात तेवढाच उरला होता, अठ्ठेचाळीस सेकंद. आता कोणी वेबसाइट कचेरीत उघडितो, कोणी दवाखान्याचे बाकावर, कोणी तान्हे मांडीवर घेऊन. तो एकाएकी ट्रंपेट फुटते, तान्हे किंचाळते, साहेब डोळे वटारतो आणि मनुष्य घाबरोन मोबाइल उशीखाली कोंबतो. चार सेकंदांत पाहुणा पसार! जासूद हे पाहून दरबारी सांगत, आणि आम्ही आणिक खाली.

निशिगंधाबाईने हे सासूबाईंस सांगितले मात्र, आक्काताईसाहेब उसळल्या. "माझ्या मालकांचा आवाज बंद करतीस? लोकांच्या दारात त्यांनी सलामी दिल्याबिगर पाण्याला हात लावला न्हाई, आणि तू त्यांनाच दारातनं उठवतीस?" सून म्हणाली, "आत्या, तसं न्हवं." "मग कसं?" प्रल्हादराव मधे पडावे तर ते टेंपोचे चाक तपासावयास गेले. चाक उत्तम होते.

मग तिने वेबसाइटवर कोण येते जाते त्याची नोंद उघडिली. रोज अकरा वेळा पाहुणा येई. त्यांतील दोघे चार सेकंदांत पळत, ते ठीक. पण बाकी नऊ वेळा येणारा एकच, रोज सकाळी, एकाच मोबाइलवरून, आणि प्रत्येक खेपेस अठ्ठेचाळीस सेकंद बसून जाई. गावही हेच. ती मागील दारी गेली. आक्काताईसाहेब जात्यापाशी पाटावर बसलेल्या, हाती जुना मोबाइल, कानाशी धरिला आहे. सलामी संपली की बंद करिती, पुन्हा उघडिती, पुन्हा ऐकती. सुनेने हाक मारिली नाही. डोळे पुशीत माघारी आली आणि तो दिवस तिला काम सुचले नाही.

दुसरे दिवशी तिने तोड काढिली. दार उघडताच वाजणे बंद. परंतु दाराशी एक बटण ठेविले, जैसे तबकात विडे मांडून ठेवितात, ज्यास हवे त्याने उचलावे. वरती दोन शब्द, "सलामी ऐका". सासूबाईंनी पुशिले, "मी दाबलं की वाजंल न्हवं?" म्हणाली, "लगेच, आत्या. आता मधी फोटू आडवं येत न्हाईत." सासूबाईंनी दाबिले आणि तत्क्षणी मास्तर वाजो लागले. "आधी किती वाट बघायला लावायचे," म्हणाल्या, आणि पुन्हा बटण दाबून, "ऱ्हाऊ दे असंच."

मग काय पुसता! घटस्थापनेस आम्ही तिसऱ्या पानावर. दसऱ्यास दुसऱ्या पानावर, सोने लुटावे ऐसाच प्रकार! बाबालाल चाचा, ज्यांनी उभ्या जन्मात मोबाइल फक्त उचलिला आणि ठेविला, ते रोज येऊन पुसत, "बघ की गं पोरी, चढलो का?" आणि पाडव्याचे दिवशी पहिले पान, वरून तिसरे स्थान! अठरा असामींनी शेडमध्ये ऐसा दंगा केला की शेजारी भांडावयास आले आणि नाचोन गेले. आणि नवल हे की येणाऱ्या दहांतील सात जण आपण होऊन बटण दाबीत, अठ्ठेचाळीस सेकंद पुरते ऐकीत. बळजबरी होती तोवर पळत होते हो, तेच लोक! परंतु सुपारी? सुपारी नव्हती. चौकशा येत, आणि जात. तुळशीचे लग्न दोन दिवसांवर आले.

कार्तिक शुद्ध दशमी, दोन प्रहरी, आम्ही सर्व आक्काताईसाहेबांसुद्धा शेडमध्ये बसलो असता फोन वाजला. दूर गावचे एक मुख्याध्यापक, कन्येचे लग्न दहा दिवसांवर. बोलिले, "तुमची वेबसाइट पाहिली. माझी लेक ती सलामी दिवसातून चारदा लावते. बँड तुमचाच ठरवतो, पण नवरदेव आला की दारात हीच सलामी वाजली पाहिजे. ती नसेल तर राहू द्या." निशिगंधाबाईने फोन सर्वांस ऐकू येईल ऐसा केला होता. अठरा असामी प्रल्हादरावांकडे पाहो लागल्या. प्रल्हादरावांचा चेहरा उतरला, हळूच म्हणाले, "स्पीकरवर लावली तर?" बाबालाल चाचा कडाडले, "लग्नाच्या दारात मोबाइल धरून उभा ऱ्हाणार व्हय रं? तुझा बाप वेबसाइटीत जाऊन बसला म्हणून तुझी सुटका झाली वाटली?" फोनवर मुख्याध्यापक "हॅलो, हॅलो" करीत होते. तेव्हा आक्काताईसाहेब उठल्या, घोंगडे ओढोन बाजूस टाकिले, पेटी उघडिली, ट्रंपेट पदराने पुसले आणि लेकाचे हाती दिले. "घे," इतकेच. प्रल्हादरावांनी घेतले. मग फोनकडे तोंड करोन म्हणाले, "गुरुजी, सलामी वाजंल."

पुढे नऊ दिवस प्रल्हादराव गावाबाहेर खाणीत जाऊन फुंकीत होते. पहिल्या दिवशी कावळे उडाले, चवथ्या दिवशी परतले, यावरून प्रगती कळली. दहावे दिवशी टेंपो निघाला. आक्काताईसाहेब पुढील आसनावर. लग्नघरी पोहोचलो, लाल कोट चढविले, नवरदेवाची गाडी आली आणि प्रल्हादराव दारी उभे राहून ट्रंपेट उचलिते जाहले. सलामीतली पहिली जागा उत्तम. दुसरी उत्तम. तिसऱ्या जागी दम तुटला! पापणी लवावी इतकी शांतता. बाबालाल चाचांनी सावरावयास क्लॅरिनेट ओठी नेले, तो प्रल्हादरावांनी डोळ्याने नको म्हटले, पोटभर श्वास घेतला, तीच जागा पुन्हा उचलिली आणि शेवटला सूर ऐसा लांबविला की वधू मुंडावळ्यांसकट बाहेर धावत आली, मागून तिची मावशी ओरडत आली, आणि आम्ही अठरा जण एकदम तुटून पडलो! काय ते वाजणे! जन्मास येऊन एकदा तरी ऐसे वाजवावे.

मिरवणूक संपलियावर प्रल्हादराव टेंपोपाशी गेले आणि मान खाली घालोन म्हणाले, "आई, तिसऱ्या जागी चुकलो." आक्काताईसाहेब म्हणाल्या, "तेबी पहिल्यांदा तिथंच चुकल्याले. आमच्याच लग्नात." आणि बाटलीतले पाणी त्यांस दिले.

त्याच लग्नातून आम्हांस चार सुपाऱ्या लागल्या, आणि कोणी गेटावर बसावयास गेला नाही. परंतु दोन दिवसांनी निशिगंधाबाईने नोंद उघडिली. पाहुणे वाढलेले, पण सकाळचे नऊ नाहीत. काल नाहीत, आजही नाहीत. तैसीच मागील दारी धावली. आक्काताईसाहेब पाटावर तांदूळ निवडीत होत्या, मोबाइल कोनाड्यात पडलेला. सून म्हणाली, "आत्या, बटण बिघडलं का? दोन दिस झालं, उघडली न्हाई तुम्ही." सासूबाईंनी सुपावरून डोळा न काढिता शेडकडे बोट केले. तिकडे प्रल्हादराव सलामी घोटीत होते, तिसऱ्या जागी अडत होते, पुन्हा उचलीत होते. "कशाला उघडू?" म्हणाल्या. "वाजतंय की."

एवंच राज्य राहिले, शोधदरबारी तिसरे आसन राहिले, आणि नऊ पाहुणे गेले त्याचे कोणास दुःख नाही. लिहिणार मागील रांगेतील खुळखुळेवाला, नाव पुसू नये. फोटो मात्र परत लावावा, ही हात जोडून अर्जी.