लॅपटॉपात बसलेल्या सवाऱ्या

मशीन कोणतंही असो, माझ्या हाताखाली आलं की ते सुतासारखं सरळ! एसटीत ड्रायव्हर होतो तेव्हा एकदा मला डेपोत पोचायला उशीर झाला, तर माझी गाडी स्वतःच सुरू होऊन मला घ्यायला फाटकापर्यंत आली होती. खोटं वाटत असेल तर वर्ध्यात विचारा. ज्यांनी पाहिलं ते आता हयात नाहीत, ती गोष्ट वेगळी.

म्हणून माझ्या नातीचा, दीपमालाचा, नवाकोरा लॅपटॉप अडला तेव्हा मी मिशीला पीळ दिला. अकरा वाजता तिची मुलाखत होती. पुण्याच्या एका कॉम्प्युटर कंपनीला हेल्पलाइनवर गिऱ्हाइकांशी बोलायला माणसं हवी होती. मुलाखत लॅपटॉपवरच. तिनं मुलाखतीचं ॲप दाबलं आणि पडद्यावर चकरी फिरू लागली. फिरतेय, फिरतेय! तोवर माझ्या बायकोचा, कमलाचा, चहा उकळून, गाळून, पिऊनही झाला.

"आबाजी, नवा लॅपटॉप असा काऊन करून राह्यला?"

"सरक! थंडी गाडी अशीच असते. सेल मारत राहा लागते." मी त्या ॲपवर टकटक टकटक बोट हाणलं. फिरत होती ती चकरीही थिजली!

शेजारचे प्रभाकरराव दारातून आत डोकावले. "कवडूभाऊ, हीटला असन तो! मे महिन्यात माणसं वितळून राह्यली, त्याचं काय घेऊन बसले?"

पटलं! दोघांनी मिळून कूलर ओढत आणला आणि लॅपटॉपसमोर लावला. काठोकाठ भरलेला कूलर! बटण दाबताच असा फवारा उडाला की भिंतीवरची पालही अंघोळ करून गेली. कमलानं झेप घालून लॅपटॉप पदराखाली घेतला, म्हणून वाचला.

"अवो, पोरीची नोकरी बुडवता का?"

दीपमालानं मात्र आवाज चढवला नाही. लॅपटॉप पुसला, पडद्याच्या कोपऱ्यातला बाण दाबला. आत चित्रांची ही गर्दी!

"आबाजी, मी दोन दिवस सावंगीले गेलती, तवा इतकी ॲपं कोणं टाकली?"

"मी कायले टाकतो? तेच आले! 'लॅपटॉपसोबत मीही सुरू होऊ का?' असं विचारत होते. मी म्हटलं, हो! रस्त्यात कोणी हात केला आन् मी गाडी थांबवली नाई, असं झालं का कधी?"

कापसाचे भाव, हवामान, रमी, घोरणं मोजणारं ॲप, सगळे मी बसवून घेतलेले!

"एकेकाले बंद करते."

"खबरदार! बसलेली सवारी मी मधात उतरवत नसतो!"

"बरं. आबाजी, बाजाराच्या दिवशी गाडीत किती माणसं राहत?"

"टपावर बकऱ्या राहत, बकऱ्या!"

"मंग चढावावर?"

"दम टाके बिचारी."

"तेच होऊन राह्यलं. यायले हाकलत नाई मी. गाडी सुटताना घरी बसू द्या, तुम्ही आवाज दिला का येतीन."

"म्हणजे चूक माझी नाई?"

"नाई, आबाजी. घोरणंवालं बंद करू?"

"ते राहू दे! तुह्या आजीले पुरावा दाखवायचा आहे."

"झोपायच्या आधी मीच लावून देईन."

"...कर मंग."

घड्याळात पाहिलं तर अकरा कधीच वाजून गेले होते! "गेली मुलाखत! बोलाव त्या लॅपटॉप बनवणाऱ्याले, त्याची हवाच काढतो!" मी गरजलो.

"आबाजी, आधी पाणी प्या," दीपमाला म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज तोच.

तेवढ्यात लॅपटॉपातून हसण्याचा आवाज आला! तिनं पडद्यावरची, ॲपं बंद करायची खिडकी बाजूला सारली. तिच्यामागे मुलाखतीचं ॲप केव्हाच उघडलेलं, आणि त्यात दोन साहेब बसलेले!

"दीपमाला मॅडम, आम्ही मघापासून पाहतोय. तुमची मुलाखत झाली. सोमवारपासून कामावर या!"

कमलानं ओल्या पदरानंच डोळे पुसले. दुसरे साहेब म्हणाले, "एरवी हेकट गिऱ्हाइकाचं सोंग आमचा माणूस घेतो. तुम्ही तर स्वतःचाच नट आणला! इतका अस्सल अडाणी कुठं मिळाला हो?"

दीपमालानं माझ्याकडे पाहिलं. कमलानं पाहिलं. प्रभाकररावांनी तर खुर्ची ओढून बैठक मारली.

मी टोपी नीट केली, हात जोडले.

"झाडीपट्टीच्या नाटकात हिरो होतो, साहेब!"