घरच्या माणसाने घेतलेली माहिती

माणूस म्हातारा होतो, हे शास्त्राला पूर्वीपासून माहीत होतं. तो सगळीकडे सारखा म्हातारा होत नाही, हे कळायला १९९६ साल उजाडलं. त्या साली एका समितीच्या ध्यानात आलं की खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या दुखण्यांचा अभ्यास शहरातलेच लोक करतात. मेंढरांमागे फिरणाऱ्यांच्या, ऊस तोडणाऱ्यांच्या घरातून संशोधक घडवले, तर म्हातारी माणसं आपल्या माणसाजवळ मन मोकळं करतील. विचार निर्दोष होता. (समितीत सात जण होते. सातही शहरातले.)

अशा रीतीने कुंभार पिंपळगावच्या धनगराची, एम.ए. झालेली लेक इंद्रायणी निवडली गेली. तिला एक बॅग, शंभर छापील तक्ते आणि एक नियम मिळाला: म्हाताऱ्यांनी सांगितलं तेवढंच लिहावं. डोळ्यांना दिसलेलं लिहू नये, कारण बघण्यात पूर्वग्रह असतो.

आदल्या वर्षी पुण्याचा एक संशोधक गावात येऊन गेला होता. त्याला याच म्हाताऱ्यांनी माणशी सहा दुखणी सांगितली होती. गोजरबाईंनी अकरा सांगून शेजारणीची दोन वर घातली. ही माहिती परक्याने घेतलेली म्हणून समितीने बाद केली.

आता गोजरबाईंच्या ओसरीवर इंद्रायणी बसली.

"मावशी, गुडघे कसे हैत?"

"बरे हैत की. तूच किती वाळलीस गं! तिकडं जेवाय घालतेत का न्हाई?"

"मागच्या साली त्या साहेबाला तर अकरा दुखणी सांगितल्ती तुम्ही."

"तो परका, माय. त्याच्या जिवाला थोडाच घोर लागणार व्हता? तू लेक. माहेराला आलेल्या लेकीच्या ओटीत कुणी दुखणं घालतं का?"

शहाण्णव जणांची नोंद झाली. शहाण्णवही ठणठणीत निघाले. (कचरूबाबांना ऐकू येत नसे, त्यांनी प्रश्नाआधीच मान डोलावली.)

एक्केचाळिसाव्या क्रमांकावर होत्या सुगंधाबाई, इंद्रायणीच्या आई. दिवाळीपासून त्यांच्या घशाखाली भाकर उतरत नव्हती. पाण्यात कुस्करून चार घास घ्यायच्या, उरलेली कुत्र्यापुढे टाकायच्या. इंद्रायणी हे रोज बघत होती.

"माय, गिळताना दुखतंय का? चल, जालन्याला दाखवू."

"मला काय धाड भरलीय? तू आधी तुझं काम बराबर कर. लिही, बरी हाय म्हणून."

इंद्रायणीने लिहिलं.

फाल्गुनात अहवाल सादर झाला. सर्वांत वंचित गावातले वृद्धच सर्वांत निरोगी असल्याच्या निष्कर्षाचं फार कौतुक झालं, आणि गावात दवाखाना काढायचा प्रस्ताव, गरज उरली नसल्याने, मागे घेण्यात आला. चैत्रात जालन्याच्या डॉक्टरांनी अन्ननलिकेतली गाठ दाखवून विचारलं, "एवढे महिने घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" इंद्रायणीने खरं ते सांगितलं: ती या विषयाची संशोधक आहे.

सुगंधाबाई ज्येष्ठात गेल्या. इंद्रायणीने नोंद दुरुस्त करण्यासाठी अर्ज केला. समितीने दुःख व्यक्त करून कळवलं की, उत्तर बदलायचं तर उत्तर देणाऱ्याचा अंगठा लागतो.

योजना आता शहरांतही राबवायचं ठरलं आहे. वाचकांनी अर्ज करू नयेत. दर रविवारी एसटीडी बूथवरून गावी फोन लावून "आई, बरी आहेस ना?" असं विचारणाऱ्या आणि पहिल्याच उत्तरावर समाधानाने रिसीव्हर ठेवणाऱ्या सर्वांची नेमणूक यापूर्वीच झालेली आहे.