मौनीची ट्रान्स्फर

उन्हाळ्यात कोचच्या सलूनमध्ये दाढीला दुप्पट वेळ लागायचा. फुटबॉलचा हंगाम संपलेला असायचा, मैदानं ओस पडलेली असायची आणि कुठला खेळाडू कुठल्या क्लबात जाणार याच्या वावड्यांना नुसता ऊत आलेला असायचा. एरवी कोच वस्तरा चालवता चालवता बोलायचा, उन्हाळ्यात तो वस्तरा हवेत धरून बोलायचा. गालावरचा फेस वाळून कडक झाला तरी गिऱ्हाईक हूं की चूं करत नसे, कारण वस्तरा कोचच्या हातात असे.

कोच हे अर्थातच टोपणनाव. शाळा सुटल्यापासून त्याच्या पायाला चेंडू लागला नव्हता. पण त्याचा क्लब कसा खेळायला हवा होता, हे क्लबाच्या खऱ्या प्रशिक्षकापेक्षा त्याला जास्त कळायचं, निदान सामना संपल्यावर तरी.

"दहा नंबर जाणार," त्या सकाळी कोच म्हणाला. "काळ्या दगडावरची रेघ."

"अहो, पण त्यानं स्वतः सांगितलंय की मी इथं खूश आहे म्हणून," बाकावरून पोस्टमन म्हणाला. पोस्टमनची टपालाची फेरी रोज या बाकापाशी येऊन अर्धा तास विसावत असे.

"तेच तर. खूश असलेला माणूस 'मी खूश आहे, मी खूश आहे' असं सांगत सुटतो का? तुम्ही कधी सांगितलंत?"

पोस्टमनने मनापासून विचार केला. "नाही बुवा."

"मग. ठरलेली चाल आहे ही. आधी फोनवरचा फोटो बदलतात. मग कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात बोलायला लागतात. मग विचारलं की म्हणतात, छे, मी कुठं जातोय. एवढं झालं की समजायचं, बॅग भरली."

"मग करायचं काय?"

"तो जायच्या आत आपणच त्याला घालवायचा. वय झालं, गुडघा धरलाय. दुखऱ्या पायाचा खेळाडू सांभाळून करायचंय काय? त्याच्या जागी दुसरा गुपचूप आणून ठेवायचा. खेळाडू येतात, जातात. क्लब राहतो."

हे कोच अगदी ठासून म्हणाला.  पण दहा नंबरचे सगळे गोल त्याला तोंडपाठ होते आणि गेले आठ-दहा दिवस त्याचं जेवणावरसुद्धा लक्ष नव्हतं.

शेजारच्या दुसऱ्या खुर्चीपाशी मौनी शांतपणे कात्री चालवत होता. तो मुका नव्हता, पण एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या शब्दांत त्याचा दिवस पार पडायचा. दोघांनी हे दुकान तरुणपणी मिळून झाडून-पुसून उघडलं होतं. पाटी कोचची होती आणि हात मौनीचा होता. लोक कोचचं ऐकायला येत आणि केस मौनीकडून कापून घेत. मौनी नसेल तर उद्या दुकानाचं शटर ओढावं लागेल, हे कोचला ठाऊक होतं. फक्त ते त्याने मौनीला कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"समोरचा काचवालाही कारागीर शोधतोय म्हणे," पोस्टमन सहज बोलून गेला. रस्त्यापलीकडे काचेच्या दारांचं नवं सलून झालं होतं, त्याच्या मालकाला सगळे काचवाला म्हणत.

कोचचा वस्तरा पुन्हा थांबला. त्याने आरशातून मौनीकडे पाहिलं. मौनीच्या पायात नवे बूट होते. जाड तळव्यांचे, पांढरे. इतकी वर्षं हा माणूस चपलांवर उभा होता. तेवढ्यात मौनीचा फोन वाजला. त्याने कात्री ठेवली, पायरीवर जाऊन पाठ फिरवली आणि हळू आवाजात बोलायला लागला.

कोचने खिशातून फोन काढून मौनीच्या नावापुढचा फोटो पाहिला. तिथे वर्षानुवर्षं दोघांचा सलूनसमोरचा फोटो असायचा. आता तिथे एक सूर्यफूल होतं.

"काय झालं हो?" फेसाच्या आडून गिऱ्हाइकाने विचारलं.

"काही नाही," कोच म्हणाला आणि त्याने उरलेली दाढी एक शब्द न बोलता केली. गिऱ्हाईक घाबरलं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती मटार सोलत होती. "एवढं डोकं कशाला खाजवताय? सरळ विचारा की त्यांना."

"विचारून कुणी खरं सांगतं का?"

"माणसं सांगतात. तुमचे ते पेपरातले फुटबॉलवाले सांगत नसतील."

दुसऱ्या दिवशी कोचने विचारलं. मौनी कात्रीला तेल देत होता.

"काय रे, दुसरीकडे कुठं जायचा विचार नाही ना तुझा?"

मौनीने मान वर केली. "छे. मी कुठं जातोय."

कोचच्या पायाखालची जमीन सरकली. तीन खुणांपैकी तिन्ही झाल्या होत्या. आता हातावर हात ठेवून बसण्यात अर्थ नव्हता.

नवा कारागीर साडूच्या ओळखीतून मिळाला. चांगला पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा गडी. साडूने त्याच्या कामाची एक क्लिप पाठवली होती. तिच्यात तोंडं दिसत नव्हती, नुसता हात आणि मशीन. पण हात असा सरसर फिरत होता की कोच बघतच राहिला. त्याने ती क्लिप रात्री जेवताना तीनदा पाहिली आणि बायकोलाही दाखवली. क्लिप पाहून आणलेल्या खेळाडूंनी आपल्या क्लबाला किती वेळा रडवलं, यावर त्याची स्वतःची दोन व्याख्यानं तयार होती. पण दुसऱ्याला सांगायचं ज्ञान स्वतःच्या उपयोगी पडतं थोडंच.

चाचणी दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी ठेवली. शटर अर्धं खाली ओढलं आणि डोकं म्हणून पोस्टमनला बसवलं. "फुकट कटिंग, पण तोंडातून ब्र काढायचा नाही," असं ठरलं. नव्या गड्याने पोस्टमनचं डोकं काखेत दाबून धरलं, मशीन सुरू केलं आणि मानेपासून कपाळापर्यंत एका दमात रस्ता काढला. वळणावर डावी मिशी गेली.

"अहो, अहो," काखेतून पोस्टमन म्हणाला.

"हलू नका," गडी म्हणाला. "हललं की कातडी ओरबाडते."

"याआधी कुठल्या सलूनमध्ये होतात तुम्ही?" कोचने घसा साफ करत विचारलं.

"सलून कुठलं? मेंढ्या भादरायचो. साडूंनी क्लिप दाखवली ना तुम्हाला?"

कोचने क्लिप आठवली. त्या डोक्याचे केस जरा जास्तच कुरळे होते खरे. तो काही बोलणार, तेवढ्यात शटरखालून पांढरे बूट दिसले. वाकून मौनी आत आला. त्याचा चष्मा दुकानात राहिला होता. त्याने काखेतला पोस्टमन पाहिला, आपल्या खुर्चीपाशी उभा असलेला परका माणूस पाहिला आणि शेवटी कोचकडे पाहिलं.

"अरे, हे असंच," कोच म्हणाला.

"चालू दे," मौनी म्हणाला. चष्मा घेतला आणि आला तसा वाकून निघून गेला.

पोस्टमनने शब्द पाळला असता. पण अर्ध्या मिशीने घरोघर टपाल वाटायचं म्हणजे दारोदार खुलासा करणं आलंच. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की कोच मौनीला काढतोय, दुसरा माणूस बघूनसुद्धा झाला. काचवाल्याच्या हे ध्यानीमनीही नव्हतं. मौनी आपल्याकडे येईल अशी स्वप्नातही आशा नसल्यामुळे तो दूरदूरचे कारागीर शोधत होता. आता तो स्वतः मौनीच्या घरी गेला.

सकाळी मौनी म्हणाला, "आजपासून समोर जातो."

"बघ," कोच ताडकन म्हणाला, "मी म्हणालोच होतो." आणि क्षणभर, अगदी एक क्षणभर, अंदाज खरा ठरल्याच्या आनंदाने त्याचा चेहरा उजळला. मग मौनी आपल्या कात्र्या कापडात गुंडाळायला लागला आणि कोचला कळलं की आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलाय. थांब म्हणावं असं फार वाटलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"जा बाबा. खेळाडू येतात, जातात."

मौनी गेला. त्याच्यामागून गिऱ्हाईकं गेली. आधी एकेक करून, नजर चुकवत. नंतर उघड, हात हलवत. नव्या गड्याचं काम वेगात व्हायचं, पण त्याच्याकडे एकदा आलेला माणूस पुन्हा टोपी घालूनच दिसायचा. पोस्टमन तेवढा बाकावर यायचा, मिशी उगवेपर्यंत त्याला दुसऱ्या सलूनमध्ये तोंड दाखवायचं नव्हतं. दहा नंबरच्या बातम्या रोज यायच्या आणि कोच त्या वाचायचासुद्धा, पण वाद घालायला समोर माणसंच नव्हती. मौनी कधी वादात पडायचा नाही. पण तो शेजारी उभा असला की कोचला बोलायला हुरूप यायचा. हे इतक्या वर्षांत कोचच्या लक्षातच आलं नव्हतं.

शेवटी केसांनी घात केला. कोचच्या डोक्यावर दोन भोवरे होते आणि ते एकमेकांच्या उलट फिरायचे. त्या डोक्याला मौनीखेरीज कुणी कधी हात लावला नव्हता. केस कानांवर आले, कॉलरवर आले. "या बसा, दोन मिनिटांत मोकळं करतो," असं नवा गडी म्हणाला, तशी कोचने टोपी घातली आणि रस्ता ओलांडला.

काचवाल्याच्या बाकावर कोचची सगळी जुनी मंडळी बसली होती. सगळ्यांनी एकदम वर्तमानपत्रं तोंडापुढे धरली. कोच मान खाली घालून रांगेत बसला आणि पाळी आली तेव्हा मौनीच्या खुर्चीत जाऊन बसला. मौनीने टोपी काढली, केसांकडे पाहिलं आणि अंगावर कापड टाकलं. मग चाकांचं एक उंच स्टूल ओढलं आणि त्याच्यावर बसून कापायला लागला.

"बसून कापतोस?" कोचने आरशातून विचारलं.

"टाच. उभं राहवत नाही. डॉक्टर म्हणाले, मऊ बूट घाला आणि बसून काम करा. रोज फोन करून व्यायाम सांगतात."

"आणि ते सूर्यफूल?"

"कुठलं? पोरीनं काहीतरी लावलं असेल फोनवर."

कोचने डोळे मिटून घेतले. "मग मला का नाही सांगितलंस, टाचेचं?"

"रोज ऐकत होतो ना तुझं," मौनी म्हणाला. "दुखऱ्या पायाचा खेळाडू सांभाळून करायचंय काय."

"अरे बाबा, ते मी दहा नंबरबद्दल बोलत होतो."

"ऐकायला मीही तिथंच होतो."

कात्री थोडा वेळ चालली. डावी बाजू झाली.

"मी विचारलं होतं तुला, जाणार का म्हणून," कोच म्हणाला.

"मी नाही म्हणालो होतो."

"तसं सगळेच म्हणतात रे."

"सगळे म्हणजे कोण?"

"तो दहा नंबर."

"त्याला तू कधी भेटलायस?"

"नाही."

"आणि मला?"

बाकावरची वर्तमानपत्रं खाली आली होती. 

"चुकलं माझं," कोच म्हणाला. "गिऱ्हाईकं गेली त्याचं राहू दे. तू नसलास की मला तिथं करमत नाही. चल परत. स्टूल मी आजच सुताराला सांगतो."

मौनीने कंगवा खाली ठेवला.  मग कात्र्या उचलून कापडात गुंडाळल्या आणि स्टुलावरून उतरला.

"अहो, गिऱ्हाईक अर्धं टाकून कुठं निघालात?" गल्ल्यावरून काचवाल्याने विचारलं.

"टाकून नाही," मौनी म्हणाला. "बरोबर नेतोय."

दोघे रस्त्यावर आले. मौनी लंगडत होता. कोच गळ्यात काचवाल्याचं कापड आणि एका बाजूचे लांब केस सांभाळत त्याला आधार देत होता. मागून बाकावरची मंडळी, मध्ये थोडं अंतर ठेवून, येत होती. दुकानात नव्या गड्याने त्यांना पाहिलं, परिस्थिती ओळखली आणि मशीन पिशवीत टाकलं. मेंढ्या बोलत नाहीत, तेच बरं, एवढं म्हणून तो गेला.

पण दुकानात स्टूल कुठलं? कोचने इकडेतिकडे पाहिलं. मग मौनीला त्याने दोन्ही हात धरून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, टॉवेल भिजवायची बादली पालथी घातली आणि मौनीकडे पाठ करून, गुडघे पोटाशी घेऊन, स्वतः तिच्यावर बसला. मौनीने वरून उजवी बाजू हातात घेतली. दुकानात फक्त कात्री ऐकू येत होती आणि कोचला कितीतरी दिवसांनी भूक लागली होती.

तेवढ्यात पोस्टमन धापा टाकत दारात आला. खुर्चीत कारागीर आणि बादलीवर मालक पाहून तो जरा अडखळला, पण बातमी मोठी होती.

"कोच, दहा नंबर गेला. आत्ताच जाहीर झालं."

"गेला?" असं म्हणत कोच वळायला लागला.

"हलू नकोस," मौनी म्हणाला.

कोच हलला नाही.