भिंगवाले परशराम आप्पा

मला सरकारी नोकरी लागली त्या दिवशी सगळी गल्ली पेढे खाऊन, तोंडभरून बोलून गेली. परशराम आप्पा मात्र पेढा डाव्या हातात धरून माझ्यापुढं वाकले, उजव्या हातानं शर्टाच्या खिशातलं घडीचं पितळी भिंग काढलं, माझ्या पदरावर टेकवलं आणि एक डोळा मिटून ओठ हलवत धागे मोजायला लागले. आई लाजून आत पळाली. मी जागची हललेही नाही. हलले असते तर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं असतं.

"इंचाला बावन्न," सरळ होत ते म्हणाले. "दुकानदारानं साठ सांगितलं असंल."

साठच सांगितलं होतं.

"नोकरी बरी हाय. साडीत फसलीस," असं म्हणून त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि घरी गेले. पाचव्या मिनिटाला त्यांच्या मागाची खटखट सुरू झाली.

वडगावात आमच्या गल्लीत एक घर सोडून एक माग. आप्पांचे दोन, पुढच्या खोलीत, आणि मागच्या खोलीत आप्पा. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "मोजायचं र्‍हायलं." मोजणं हे त्यांचं व्यसन. 'मोज, मग बोल' हे वाक्य दिवसातून दहादा. नळाला पाणी कमी येतं म्हणून तक्रार करणाऱ्या बाईला, पाऊस लई झाला म्हणणाऱ्या शेतकऱ्याला, पोटात लई दुखतंय म्हणणाऱ्या माझ्या आईलासुद्धा. मी बी.ए. झाले तेव्हा माझं सर्टिफिकेटही त्या भिंगाखालून गेलं. माझे वडील हमाल, आई दुसऱ्यांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सगळ्यांना सांगते, कारण ते फुकट मिळालेलं नाही. आप्पांनी त्या कागदाचा कोपरा न्याहाळला आणि म्हणाले, "कागद चांगला हाय. टिकंल." मला राग आला होता. आता वाटतं, त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक कुणाचंच झालेलं नाही.

त्यांची पुतणी अश्विनी आठवीला बेळगुंदीहून त्यांच्याकडं शिकायला आली. गावाकडं भावाची शेती आणि घर भरलेलं, म्हणून पोरगी आप्पांच्या पदरात. माग चालवणाऱ्या एकट्या माणसाला वेण्या घालता येतील का, अशी गल्लीला काळजी. आप्पांनी ताण्याचे तुटलेले धागे सांधणाऱ्या बोटांनी अशी वेणी घातली की ती संध्याकाळपर्यंत सुटायची नाही, आणि संध्याकाळी सोडायला दोघं लागायची.

एकदा तिनं दगडाच्या खणीत साचलेलं पाणी बाटलीत भरून आणलं आणि आप्पांच्या भिंगाखाली धरलं. ओरडलीच. "आप्पा, पाण्यात जित्राब हाय! लई हाय!"

"लई म्हंजे किती?"

"लई म्हंजे लईच की."

"मोज, मग बोल."

पोरगी उंबऱ्यावर बसली. हलणारी, टिंबाएवढी जनावरं मोजायची म्हणजे गंमत नव्हे. मोजून होईस्तोवर ती जागा बदलतात. दिवस मावळायला तिनं येऊन सांगितलं, एक्केचाळीस. आप्पा म्हणाले, "आता बोल." पण तिला बोलायचं नव्हतं, दुसरी बाटली आणायची होती.

त्या बाटलीतूनच पुढं सगळं झालं. बी.एस्सी. झाली, मग समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करायला कारवारला एम.एस्सी.ला गेली. गल्लीत विचारायचे, "पोरगी काय शिकती?" आप्पा सांगायचे, "समुद्रात काय काय हाय ते मोजती." "मासे व्हय?" "मासे कुणीबी मोजंल. मासे जे खात्यात ते."

पहिल्याच वर्षी ती कॉलेजचं जाळं घेऊन सुट्टीला घरी आली. बोटीमागून ओढायचं, लांब नरसाळ्यासारखं, पाणी गाळून त्यातले बारीक जीव धरणारं. दोन दिवसांनी परत जाऊन थेट बोटीवर चढायचं होतं, म्हणून बरोबरच आणलं होतं. आप्पांनी ते पाहिलं आणि माग बंद केला. चालू माग बंद करून ते कुणाच्या मयतालाही जात नसत. भिंग लावून बसले ते चहा गार होईपर्यंत.

"इंचाला ऐंशी," ते मला बोलावून म्हणाले. "आणि भोकांची घरं बघ. एक घर दुसऱ्यापरास केसभर मोठं न्हाय. कुठल्या मागावर काढलं असंल गं सायेब?" नोकरी लागल्यापासून ते मला सायेबच म्हणायचे, थट्टेनं की मानानं ते कधी कळलं नाही.

पण त्यांना एक गोष्ट खटकली. कापड लुळं पडत होतं. मेहनतीनं विणलेलं कापड असं मान टाकून पडलेलं त्यांना बघवेना. दुसऱ्या दिवशी अश्विनी मैत्रिणीकडं गेली आणि इकडं आप्पांनी जाळ्याला खळ दिली. खळ म्हणजे पिठाची पेज. सूत ताठ राहावं म्हणून विणकर देतात. आप्पांची खळ गल्लीत नावाजलेली. बांबूवर वाळवलं, हातानं सारखं केलं. पोरगी परत आली तर दारात तिचं जाळं आपल्या पायावर उभं होतं, घागरा घालून कुणी वाट बघत असावं तसं. आणि शेजारी आप्पा, शाबासकीच्या तयारीत.

"आप्पा, ह्याच्या भोकातनं पाणी जायला पायजे!"

"जाईल की."

त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं. पाणी वरच थांबलं. आप्पांनी पाण्याकडं बघितलं, पुतणीकडं बघितलं, आणि मला म्हणाले, "सायेब, बंब पेटीव."

त्या दिवशी आम्ही तिघांनी सात बंब गरम पाणी त्या जाळ्यावर घातलं. खळ निघाली असं वाटलं. पण आप्पांची खळ अशी कशी जाईल? बोटीवरचं पहिलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं तर तिच्या सरांना त्यात गोल, पारदर्शक, नवेच काहीतरी दाणे दिसले. कुठल्या माशाची अंडी असावीत म्हणून सर अर्धा तास पुस्तकं चाळत बसले. चित्र काढायला पेन्सिलही घेतली. शेवटी अश्विनी भीत भीत म्हणाली, "सर, ती आमच्या आप्पांची खळ आहे."

ही गोष्ट आप्पा स्वतःच सगळ्यांना सांगत. शेवटी म्हणत, "सरानं अंडी म्हटलं. मोजली असती तर कळलं असतं."

मग ती नॉर्वेला गेली. पार उत्तरेला, जिथं जमीन संपते आणि बर्फाचा समुद्र लागतो. तिला दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली होती. अर्ज मी भरून दिला, पासपोर्टला मी बरोबर गेले. माझं इंग्रजी तालुका कचेरीपुरतं, पण पोरीच्या कामी आलं. निरोपाच्या दिवशी आप्पांनी तिच्या नव्या स्वेटरवर भिंग लावलं, आणि काही न बोलता खिशात ठेवलं. आकडा सांगितला नाही असं मी त्यांना त्या एकदाच पाहिलं.

तेव्हापासून गल्लीला रोज सकाळी तिकडची थंडी कळायला लागली. आप्पा दारात दात घासत जाहीर करायचे, "आज उणे अकरा." समोरची बाई म्हणायची, "आप्पा, त्ये र्‍हाऊ द्या, नळ कवा येणार त्ये सांगा." हिवाळ्यात तिकडं दोन महिने सूर्यच उगवत नाही हे कळल्यावर त्यांनी एक दिवस मागच बंद ठेवला. आणि उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, पोरीला झोप लागत नाही हे कळल्यावर दुप्पट बाण्याचा, म्हणजे दुप्पट आडव्या धाग्यांचा, काळा पडदा विणायला घेतला. भर दुपारी तो माझ्या तोंडापुढं धरून विचारायचे, "दिसतंय का काय?" दिसत नव्हतं. पडदा टपालानं गेला. तिच्याबरोबरच्या दोन पोरींनीही मागितला. आप्पांनी त्यांनाही विणून पाठवला आणि त्यांची चौकशी आपली गिर्‍हाइकं म्हणून करायला लागले. "ती फिनलंडची नीट झोपती का विचार."

अश्विनीचं काम तांदळाच्या दाण्याएवढ्या एका जीवावर होतं. तिनं फोटो पाठवला. काचेसारखं अंग आणि आत तेलाचा एक लांबट थेंब. उन्हाळ्यात खाऊन पोटात तेल साठवतो, अंधार पडला की खोल पाण्यात जाऊन निजतो आणि त्या तेलावर हिवाळा काढतो. किती जीवांत थेंब, केवढा थेंब, समुद्र तापल्यावर तो कमी होतो का, हे ती मोजत होती. आप्पा तो फोटो किराणा दुकानातसुद्धा दाखवायचे. रविवारी तिचा फोन आला की तासभर बोलायचे. आणि सोमवारी, मंगळवारी, बुधवारी तेच बोलणं आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकवायचे, थोडं थोडं करून. शनिवारपर्यंत पुरवायचे.

या एप्रिलमध्ये तिकडून पत्र आलं. आप्पांनी ते मोबाईलवर माझ्यापुढं धरलं. मी वाचून सांगितलं: पीएच.डी.ला जागा देतायत. अजून चार वर्षं. आठ दिवसांत हो की नाही कळवायचं. आप्पांच्या भावानं बेळगुंदीहून सांगून टाकलं होतं, "आप्पा म्हणील तसं." अश्विनीनंही तेच लिहिलं होतं. तुम्ही ये म्हणालात तर येते, इकडं कुठंतरी नोकरी बघते.

"चार वर्षं म्हंजे किती थंड्या?" आप्पांनी विचारलं.

"चारच की आप्पा."

"व्हय," म्हणाले आणि मागाकडं गेले. त्या रविवारी फोन आला तर पडद्याचं बोलले, फिनलंडचं बोलले, गावाकडच्या उसाचं बोलले. पत्राचं नाही. ती विचारायला लागली की म्हणायचे, "माग थांबलाय, ठेवतो." माग धड चालू होता. मी सहाव्या दिवशी सरळ तोंडावर म्हटलं, "आप्पा, पोरीला लटकत ठेवू नका. काय ते एक सांगा."

ते म्हणाले, "तुझा भाऊ आईस्क्रीमच्या गोदामात हाय न्हवं? तितं किती थंडी असती?"

"उणे अठरा."

"मला एकदा आत सोडंल का विचार."

मला वाटलं, पोरगी कशी राहते ते स्वतः अंगावर घेऊन बघायचं असेल, मगच हो-नाही ठरवतील. मापाशिवाय बोलायचं नाही हा त्यांचा नेमच. सातव्या दिवशी, दुपारी मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेले. भावानं तिथलं जाडजूड जाकीट दिलं. खाली पायजमा, पायात चप्पल, डोक्यावर टोपी, असे आप्पा बर्फ धरलेल्या खोक्यांच्या राशीत शिरले. आत जाऊन खिशातून काढला तो फोन. दार लावलं की रेंज जायची, म्हणून मला म्हणाले, "एवढी फट धर."

मी फट धरली. वॉचमन कानडीत ओरडला, "बागिल हाक्री!" भाऊ मराठीत ओरडला, "दार लाव गं, माल इतळतोय!" मी म्हटलं, "दोन मिनिटं थांबा, मेलं कोण न्हाय."

आत आप्पा फोन तोंडापुढं धरून उभे. "अश्वे, वळख मी कुटं हाय."

"आप्पा! हे काय? मागं बर्फ कसला?"

"आमच्यातबी हाय थंडी. उणे अठरा. तुमच्यात?"

"आज उणे दोन."

"मग हरलीस." ती हसली. आप्पांनी टोपी सारखी केली. "त्ये पत्राचं. र्‍हा. चार वर्षं र्‍हा. तुझ्या बा ला सांगतो मी."

ती म्हणाली, "तुम्हाला करमंल आप्पा?"

"मला काय धाड भरलीया? दोन माग हायत, गल्ली हाय, ही सायेब हाय डोकं खायाला."

"आप्पा, तुमचा आवाज कापतोय."

"कापंल न्हाय तर काय हुईल? उणे अठरा हाय गं. सांगितलं न्हवं?"

"आधी भाईर जावा. आजारी पडशीला."

"जातो. र्‍हा म्हटलं त्ये ऐकलीस न्हवं?"

"ऐकलं."

"मग झालं."

फोन बंद झाला तरी ते आतच होते. भाऊ दोनदा ओरडला, तेव्हा बाहेर आले, जाकिटाची चेन त्यांना काढता येईना, मी काढली.

बाहेर एप्रिलचं ऊन. स्कूटरची सीट हात लावू देत नव्हती. आप्पा मागं बसले आणि वडगाव येईपर्यंत थंडीविषयीच बोलत राहिले. किती थंडी, कशी हाडात शिरते, बोलायलाही देत नाही. आवाज तसाच कापत होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी स्कूटर वळवायला लागले तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सरळ घे सायेब. जरा लांब घे. अजून थंडी गेली न्हाय माझी."

मी मागं वळून पाहिलं नाही. स्कूटर सरळ घेतली.