झाकणावरचा सील

“पप्पा, तू दिवसभर घरी बसून नेमकं करतोस तरी काय?”

हा प्रश्न मुळात इल्वाचा नव्हताच! तो होता मेया आणि सिहाम या तिच्या जिवलग मैत्रिणींचा. शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये तोंडात बटाटा कोंबत मेया म्हणाली होती, “तुझ्या घरी कधीही या, तुझा पप्पा आपला लोकरी चपला घालून हजर! कामाला जातो की नाही तो?”

“तो ग्राफिक डिझायनर आहे!” इल्वा फणकारली.

“म्हणजे काय करतो?”

“म्हणजे... डिझाइन करतो. ग्राफिक.”

“वा! डोक्यात लख्ख उजेड पडला!” सिहाम म्हणाली. “विचारून दाखव त्यालाच. आहे हिंमत?”

हिंमत? आणि इल्वाला विचारता? गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानाही जिचा आवाज बोळ्यानं दूध पाजल्यासारखा थेंबथेंब यायचा, ती इल्वा नववीत आल्यापासून अशी काही सुटली होती की परवा वादविवादात तिनं मुख्याध्यापकांनाच घाम फोडला होता! तिनं त्याच दिवशी, गुरुवारी, दर गुरुवारचं वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक समोर आल्या आल्या प्रश्न टाकला.

आईचा चमचा हवेतच थांबला. आई, म्हणजे उल्रिका, स्वीडनमधल्या नॉरशॉपिंग शहराच्या रस्त्यांवर ट्राम चालवते. इतका करकचून ब्रेक तिनं कामावरही कधी मारला नसेल. पप्पा, म्हणजे स्टेलान, सुपात उत्तर तरंगत असल्यासारखा वाडग्यात बघत राहिला. मग उठला आणि लॅपटॉप घेऊन आला.

आणि काय सांगावं! एकेक काम म्हणजे नुसती मेजवानी! बेटांवर जाणाऱ्या बोटीचं तिकीट, त्यावर एक लाट. तिकीट फाडलं की लाट बरोबर मधोमध फुटायची. खोकल्याच्या औषधाचा खोका, त्यावरचा म्हातारा झाकण उघडताच आ वासायचा. आणि सगळ्यांत शेवटी ओटच्या बिस्किटांचा तो निळसर डबा. झाकणावर पोट वर करून झोपलेला गुबगुबीत, समुद्रातला मिशाळ सील. झाकण उलटं केलं की आतल्या बाजूला तोच सील, पण आता एक डोळा उघडून असा बघणारा, की जणू विचारतोय, “कितवं बिस्किट हे?” शेजारी कॉफीचा कप, टेबलावर बिस्किटाचा चुरासुद्धा!

“हे सगळं तू केलंस?”

“हो,” पप्पा म्हणाला. “सगळं मीच.”

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. हीच तर पंचाईत!

“स्टेलान, तिला सांग ना...” आई म्हणाली.

“पॅनकेक गार होतायत,” पप्पा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वर्गात सहलीची सभा होती. नववीची सहल गॉटलंड बेटावर जायची आणि तिच्यासाठी मुलांनी दारोदार काहीतरी विकायचं, ही शाळेची जुनी रीत. गेली कित्येक वर्षं मुलं टॉयलेट पेपर विकत होती. आधीच्या वर्गातल्या एका मुलाला तर गावात अजून ‘रोलवाला’ म्हणतात!

“टॉयलेट पेपर?” इल्वा बाकावर चढून गरजली. “आपल्याला काही अब्रू आहे की नाही? आपण माझ्या पप्पाचे बिस्किटांचे डबे विकू! बेकरीचं माझ्यावर सोडा!”

तिनं लॅपटॉपवरून घेतलेला डब्याचा फोटो फिरला. चोवीस हात एकदम वर झाले. घरी मात्र तिनं मुद्दाम चकार शब्द काढला नाही. पप्पाला चकित करायचं होतं ना!

मग जे सुरू झालं ते विचारू नका! खालच्या मजल्यावरच्या गुन्वोर आजींनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो नाकाला लावला आणि खो खो हसल्या. “अगं, हा तर माझा नवरा! दुपारी अस्साच एक डोळा उघडा ठेवून झोपायचा. पाच वर्षं झाली जाऊन त्याला. सहा डबे लिही.”

“एकदम सहा?”

“पाच नातवंडांना. आणि एक टेबलावर माझ्यासमोर ठेवायला.”

दाताच्या डॉक्टरनं चार लिहिले, म्हणाला, “बिस्किटं खा, आणि मग माझ्याकडेच या!” स्टेशनसमोरच्या कॅफेवाल्यानं काचेत मांडायला वीस सांगितले. दोन आठवड्यांत दोनशे बारा डबे! वर्गशिक्षिका काय्सा हबकलीच.

“इल्वा, आता बेकरीला कळवायला हवं. बोललीस ना त्यांच्याशी?”

“आत्ता बोलते! सगळ्यांसमोर!”

डब्याच्या फोटोत तळाशी बारीक अक्षरांत फोन नंबर होता. सिहामनं फोटो मोठा करून आकडे वाचले, इल्वानं दाबले, स्पीकर लावला आणि मोबाइल ऐटीत काय्साच्या टेबलावर ठेवला. चोवीस डोकी त्यावर वाकली.

मोबाइलवर नाव उमटलं: ‘पप्पा’.

“इल्लू?” पप्पाचा आवाज वर्गभर घुमला. “काय गं, काय विसरलीस घरी?”

“पप्पा? अरे, मी बेकरीला फोन लावला होता. सीलवाल्या.”

पलीकडून अगदी हळू आवाज आला, “इल्लू, ती बेकरी नाहीये गं.”

“बंद पडली?”

“नाही. कधी उघडलीच नाही. डब्यावर काहीतरी नंबर हवा म्हणून मी आपला माझाच टाकला.”

“पण फोटोत डबा आहे! चुरा आहे!”

“चुरासुद्धा मीच काढला. त्याला दोन दिवस लागले.”

“आणि ती बोट? औषध?”

“बोट नाही. औषध नाही. खोकला तेवढा माझा होता.” पप्पा हसायला गेला, पण ते हसू मधेच कुठेतरी अडकलं. “दीड वर्ष झालं, इल्लू, कुणी कामच दिलं नाही. मग मी रोज सकाळी एक गिऱ्हाईक मनानंच बनवतो आणि त्याचं काम करतो. चांगली असतात बिचारी. कधी ‘लोगो मोठा करा’ म्हणत नाहीत. तुला सांगणार होतो मी. पण त्या दिवशी तू इतकी खुशीत बघत होतीस...”

इल्वाला स्पीकर बंद करायचा होता. पण मंडळी, मुख्याध्यापकांना घाम फोडणारी ती इल्वा, तिचं एक बोटसुद्धा हलेना!

“इल्लू, आजूबाजूला कुणी ऐकत नाहीये ना?”

इल्वानं वर पाहिलं. शाळेतला सगळ्यांत गोंगाटी वर्ग. ज्याच्यामुळे शेजारच्या वर्गाला कापसाचे बोळे वाटावे लागले होते, तो वर्ग! मेयानं मफलर तोंडात कोंबला होता. काय्सा खिडकीकडे तोंड करून उभी होती. श्वास घेतल्याचासुद्धा आवाज नव्हता.

“नाही, पप्पा,” इल्वा म्हणाली. “मी एकटीच आहे.”

त्या संध्याकाळी, शुक्रवारचा नेहमीचा बेत म्हणून, टेबलावर टाको होते. कुणी हात लावला नाही. इल्वानं सगळं सांगितलं. ऑर्डरी, डॉक्टर, कॅफे. पप्पा ऐकत होता.

“दोनशे बारा?” तो म्हणाला. “खरीखुरी माणसं?”

“दोनशे बारा. गुन्वोर आजींना तर सीलमध्ये त्यांचा नवरा दिसला. डोळ्यामुळे.”

“डोळ्यामुळे!” पप्पाचा चेहरा क्षणभर असा उजळला की आईनं मान फिरवली. “उल्रिका, ऐकलंस? तो डोळा मी नऊ वेळा बदलला होता!”

“पप्पा, अजून एक आहे.” इल्वाचा आवाज पुन्हा तो जुना, बोळ्याच्या दुधाचा झाला. “फोन स्पीकरवर होता. सगळ्या वर्गानं ऐकलं. मी तुझ्याशी खोटं बोलले.”

पप्पानं टाकोची चळत सरळ केली. ती आधीही सरळच होती.

“सगळ्यांनी?”

“काय्सानंसुद्धा.”

“कुणी हसलं?”

“कुणीच नाही.”

“अरे बापरे,” पप्पा म्हणाला. “म्हणजे परिस्थिती फारच वाईट आहे.”

आधी आईला हसू फुटलं, मग पप्पाला, आणि मग दोघंही हसतायत की रडतायत ते इल्वाला कळेना. ती खुर्ची मागे सारून उभी राहिली.

“मी ठरवलंय,” ती म्हणाली. “उद्या सकाळपासून मी एकेका घरी जाऊन खरं सांगणार. गुन्वोर आजींपासून सुरुवात. आणि पप्पा, तू माझ्याबरोबर येणारेस. नाही, मान हलवायची नाही! बोलायचं सगळं मी बोलेन. बेकरी नाही, डबा नाही, बिस्किटं नाहीत, चुरासुद्धा नाही, सगळं सांगेन. तू नुसता शेजारी उभा राहा. निदान सील काढणारा माणूस तरी खरा आहे, हे दिसू दे लोकांना!”